ड्रायव्हरच्या मागची सीट

कंपनीचं पत्र चार ओळींचं:
एमेटची फुप्फुसं सिगरेटनं गेली.
आयुष्यात एकदाच ओढली होती त्यानं, नौदलात असताना,
आणि ठसका लागून कपभर कॉफी कुणाच्या तरी बुटावर सांडली होती.
बाकी एकतीस वर्षं भट्टीपाशी, काचेसाठी वाळू चाळत.

दावा लावायला अकरा आठवडे उरलेले.

हायवेवर एक वकील आहे, चाळीस फुटी,
दात आमच्या फ्रीजपेक्षा पांढरे.
फोन केला तर एक मुलगी म्हणाली,
अपघात कुठल्या गाडीचा?
म्हटलं, श्वासाचा.
तिनं थांबायला सांगून गाणं लावलं.
अजून वाजत असेल.

मग लायब्ररीतून जिल्ह्यातल्या वकिलांची यादी आणली.
बावीस नावं,
आणि वाचता वाचता मला हसू फुटलं.
त्यातली नऊ मीच शाळेत सोडलेली!
ओहायो नदीच्या कडेकडेनं सत्तावीस वर्षं
पिवळी बस चालवलीय मी, चौदा नंबरची.
आरशात बघून पोरं ओळखायची, हेच काम.

वॉरन पीबॉडी: दुसऱ्याच्या डब्यातला केक
मोजून अर्धा खायचा.
आता मृत्युपत्रं करतो.
लेनोरा फिंच: बर्फात सापडलेला हातमोजा
तीन दिवस खिशात घेऊन त्याचा मालक शोधत होती.
तिच्या नावाभोवती मी गोल केला,
पेन्सिल कानामागे खोचली. झालं.

पण ग्रंथपाल ग्रेटा म्हणाली,
राज्याच्या नोंदी तरी बघ, फुकट असतात.
लेनोरा. दोनदा निलंबित.
अशिलाचे पैसे, स्वतःचं खातं.
मी तीच ओळ बोट ठेवून वाचत राहिले.
हातमोजा खरा होता हो.
राखाडी, अंगठ्याला भोक. मी पाहिला होता.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
मी चार दिवस चढले,
सकाळच्या आणि दुपारच्या फेरीमधल्या वेळात,
मागच्या बाकावर, मांडीवर सँडविच झाकून.
कोण रात्री वाचून आलंय,
कोण फाईल तिथेच पहिल्यांदा उघडतंय,
ते मागून छान दिसतं. मानेवरून कळतं.

चौथ्या दिवशी उभा राहिला क्लिंट ड्रॅगू.
हा मला नको होता.
यानं एकदा रडक्या ऑस्करची टोपी
पुलावरून जाताना खिडकीतून नदीत टाकलेली,
म्हणून वर्षभर मी त्याला माझ्या पाठीमागच्या सीटवर बसवलं,
मान न वळवता धाक देता येईल इतक्या जवळ.

साक्षीला विमा कंपनीचा डॉक्टर.
क्लिंटनं आवाज चढवला नाही.
एकच प्रश्न पाच वेळा,
दर वेळी एक शब्द गाळून,
शेवटी नुसतं “कधी?” उरलं
आणि डॉक्टरच्या हातातला ग्लास टेबलावर वाजायला लागला.
कुणाला कुठे दुखतं
हे या पोराला तेव्हाही कळायचं.
मग खाली वाकून त्यानं
आपल्या म्हाताऱ्या अशिलाची ऑक्सिजनची नळी
खुर्चीच्या पायाखालून सोडवली.
न बघता. सवय असल्यासारखी.

पायऱ्यांवर गाठलं त्याला. माझ्याकडे प्रश्नांचा कागद होता:
अशा केसेस किती, हरल्या किती,
फी काय, हरलो तर खर्च कोणाचा,
काम तुम्ही करणार की एखादा शिकाऊ.
हरलेल्या त्यानं आधी सांगितल्या, नावानिशी.
एका नावाशी थांबून चष्मा पुसला.

मग म्हणाला, मिसेस स्टॉल, ती टोपी...
हिरवी होती, मी म्हटलं.
हो, तो म्हणाला.

एमेटच्या पगाराच्या सगळ्या चिठ्ठ्या घेऊन
उद्या नऊला यायला सांगितलंय.
नऊपर्यंत माझी बस असते, म्हटलं.
बरं, साडेनऊ.

सही अजून केलेली नाही.
रात्री एमेटला सांगितलं, तो म्हणाला,
तो टोपीवाला?
आणि हसला,
हसण्याचा खोकला झाला,
आणि तो थांबेपर्यंत मी
घड्याळाकडे बघत राहिले.